झेंडा पडला की वेळ सुरू

"बत्तीस पॉइंट चार," साळोखे सर म्हणाले आणि वाकून त्यांनी घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

मी भिंतीला धरून धापा टाकत होते. डोळ्यांत क्लोरीन चुरचुरत होतं, तरी काटा दिसला. बत्तीसच्या पुढं चार बारीक रेघा. तोपर्यंतची माझी सगळ्यात चांगली वेळ बत्तीस पॉइंट नऊ होती. पन्नास मीटरच्या पोहण्यात पाच दशांश म्हणजे काय, हे न पोहणाऱ्याला सांगून कळत नाही. वर्षभर रोज सकाळी गार पाण्यात उतरावं, तेव्हा कुठं एखादा दशांश हाती लागतो. मला एकाच दिवसात पाच मिळाले होते.

"सर, मग पुण्याला मीच?"

"मंदाचं व्हायचंय अजून. वर ये, अंग पूस आणि माझ्या शेजारी तोंड मिटून बस."

मी वर आले, टॉवेल गुंडाळला आणि तोंड मिटून बसले. मिटलेल्या तोंडानं जेवढं हसता येतं तेवढं हसत होते.

एप्रिल १९८६. आमचं गाव कृष्णेच्या काठचं, आणि नदी असूनही नगरपालिकेनं हौसेनं पन्नास मीटरचा तलाव बांधलेला. राज्य स्पर्धा मे महिन्यात पुण्याला होती. पन्नास मीटर फ्रीस्टाईलला आमच्या तलावातून एकच मुलगी पाठवायची होती, आणि मुली होत्या दोन. एक मी, पद्मजा मगदूम, अकरावीत. दुसरी मंदाकिनी कोळी, माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. तिचे वडील नदीवर नाव चालवायचे. नवीन पूल झाला आणि नावेत बसायला कुणी उरलं नाही. मंदाला कुणीतरी सांगितलं होतं की राज्यात नाव झालं तर रेल्वेत नोकरी मिळते. तिला पुण्याला जायचं होतं ते त्यासाठी. माझं तेवढं अडलेलं नव्हतं, पण माझ्या अप्पांनी मला बजावलं होतं, "यंदा निवड झाली तर पोह. नाहीतर जूनपासून बारावी, मग तलावाचं नाव काढायचं नाही." अप्पा एकदा बोलले की बोलले. म्हणजे माझी ही शेवटची उडी होती.

सर आम्हाला कधी एकमेकींच्या शेजारी पोहू देत नसत. एक तर दोरी धड असलेली लेन एकच होती. शिवाय त्यांचं म्हणणं असं, "शेजारणीला बघून जे पोहतंय, ते शेजारणीएवढंच पोहतंय. भांडायचं ते घड्याळाशी." घड्याळही एकच. फौजेतून येताना आणलेलं, चावीचं, निकेल उडालेलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते त्यांनी कधी दिलं नाही.

घड्याळाचा एक नियम होता. उडी खोल बाजूनं मारायची आणि पोहणं संपायचं उथळ बाजूला. सर उथळ बाजूला उभे राहायचे. पलीकडं पंप सांभाळणारे गणूमामा एका हातात तांबडा झेंडा वर धरायचे आणि तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की त्याच क्षणी झेंडा खाली. सर शिट्टीवर घड्याळ दाबत नसत, झेंड्यावर दाबत. नवीन पोरांना ते समजावून सांगत, "तोफेचा धूर आधी दिसतोय, आवाज मागनं येतोय. पन्नास मीटरवरनं शिट्टी यायला दीड दशांश लागतोय. म्हणून झेंडा पडला की वेळ सुरू." सर तोफखान्यात होते, एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर. त्यामुळं तोफेचं उदाहरण त्यांनी दिलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही.

हिशेब अगदी बरोबर होता. फक्त तो हिशेब हे खरं कारण नव्हतं. खरं कारण मला माहीत होतं.

माझे अप्पा गावातल्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्या जानेवारीत एकदा जेवताना ते आईला हळू आवाजात म्हणाले होते, "साळोखे मास्तर आले होते आज. उजवा कान गेलाच आहे. डावाही निम्मा. तोफांनी खाल्ले बघ." मग माझ्याकडं लक्ष गेल्यावर म्हणाले, "पद्मा, हे बाहेर बोलायचं नाही. दवाखान्यातलं आहे. आणि त्या माणसाची नेमणूक दर वर्षाच्या बोलीवर आहे. बहिरा माणूस पोरं बुडताना काय ऐकणार, असं कुणीतरी म्हणायचं आणि उद्या काढून टाकायचे."

मी शपथ घेतली आणि पाळली. मग माझ्या लक्षात येत गेलं की सर आमच्याशी बोलताना आमच्या ओठांकडं बघतात, आणि पाठीमागून हाक मारली तर वळत नाहीत. इतरांना ते शिस्तीचे वाटायचे. मला त्यांच्याविषयी फार माया वाटायला लागली. गावात हे फक्त मला माहीत आहे याचा थोडा तोराही होता, तो का नाकारू?

तर मी टॉवेलात बसले होते आणि पलीकडं मंदा हातपाय झटकत होती. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. जिल्हा संघटनेचे चिटणीस शहापुरे साहेब आले. त्यांनी नऊला यायचं कबूल केलं होतं, आले पावणेदहाला. आता पाहुणा आला म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. नारळ फुटला. पुष्पगुच्छ दिला गेला. आणि मग व्यायामशाळेचे कुणीतरी म्हणाले, "साहेब, पुढची शिट्टी आपल्या हस्ते होऊ दे."

"अहो, मी कशाला," म्हणत साहेब खोल बाजूकडं चालायलाही लागले.

गणूमामांनी शिट्टी धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांच्या हाती दिली. झेंडा पण पुढं केला. पण साहेबांच्या एका हातात शिट्टी आणि दुसऱ्यात पुष्पगुच्छ. गुच्छ कुणाकडं द्यायचा ते त्यांना सुचलं नाही, आणि साहेबांच्या हातातला गुच्छ काढून घ्यायचं गणूमामांना धाडस झालं नाही. मामा झेंडा गुंडाळून, काखेत मारून, अदबीनं चार पावलं मागं सरकले.

इकडं सर घड्याळ शून्यावर आणून उभे होते. झेंडा कधी वर जातोय याची वाट बघत होते. मी त्यांच्या डाव्या गुडघ्याशी बसले होते, त्यांचा अंगठा माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

शिट्टी वाजली. मोठी वाजली, साहेबांनी गाल फुगवून वाजवली होती. मंदानं उडी मारली. मी सरांकडं बघितलं. अंगठा हलला नव्हता. सर अजून झेंडाच शोधत होते. मंदाचे हात पाण्यात गेले, डोकं गेलं, पाय गेले, पाणी उडालं, आणि मग त्यांचा अंगठा खाली गेला.

पूर्ण एक सेकंद. त्याला मी साक्षी होते, दुसरं कुणी नव्हतं. सगळे मंदाकडं बघत होते, साहेब स्वतःच्या शिट्टीवर खूष होते.

मंदा येत होती. तिच्याइतकं तिचं पोहणं मला पाठ होतं, आणि मी तेव्हाही सांगू शकले असते की आज तिचा डावा हात ओढत होता. तिनं भिंतीला हात लावला. सरांनी घड्याळ थांबवलं, बघितलं, परत एकदा बघितलं.

"किती, सर?" मंदा.

"एकतीस पॉइंट आठ."

आधी कुणाला खरं वाटेना. आमच्या तलावात बत्तीसच्या आत कधी कुणी मुलगी आली नव्हती. मग टाळ्या सुरू झाल्या. पलीकडून साहेब ओरडून विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि कळल्यावर म्हणाले, "बघा, आमच्या हस्ते शिट्टी आणि थेट विक्रम." मंदा पाण्यातच तोंडावर हात धरून राहिली होती.

त्या गलक्यात सर माझ्याकडं वाकले. त्यांनी घड्याळ अजून शून्यावर नेलं नव्हतं.

"तू इथंच होतीस," ते म्हणाले. "मी बरोबर दाबलं ना गं?"

हा प्रश्न मी पुढं मनात इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यांच्या मिशीवर पाण्याचे थेंब होते तेही मला दिसतात. उत्तर माझ्या ओठांवर होतं. "नाही सर, झेंडा पडलाच नाही." एवढंच म्हणायचं होतं. मग साहेब विचारणार, अहो, पण शिट्टी तर वाजली होती, एवढी मोठी, तुम्हाला ऐकू नाही आली? आणि त्या एका प्रश्नात सरांची नेमणूक जाणार. मला हे सगळं एका दमात दिसलं. पुणं दिसलं, सर दिसले, अप्पांना दिलेली शपथ आठवली. आणि अगदी खरं सांगायचं तर, त्या क्षणी मी स्वतःला फार मोठी वाटले. सतरा वर्षांच्या मुलीला त्याग करायला मिळणं ही काही साधी गोष्ट नाही.

"हो सर," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, ओठ वाचता आले नसतील.

"नक्की?"

"नक्की, सर. बरोबर दाबलंत." या खेपेला मी ओठ नीट हलवून म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि घड्याळ शून्यावर नेलं.

घरी जाताना मंदा आणि मी सायकली हातात धरून चालत निघालो. ती खाली मान घालून चालत होती. मला वाटलं होतं, ती नाचत जाईल.

"पद्मे," ती म्हणाली, "एक इचारू? मी खरंच एवढ्या जोरात आले?"

"म्हणजे काय?"

"मला तर पानी जड लागत हुतं. डावा हात येतच न्हवता. मला वाटलं, आज काय खरं न्हाई."

"घड्याळ काय खोटं बोलतंय होय?" मी म्हणाले.

"ते बी खरं," ती म्हणाली. आणि मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते आलं. तो आनंद मी आजही नीट सांगू शकत नाही. आपल्याला स्वतःविषयी जे माहीत होतं त्याहून आपण जास्त आहोत, असं कुणीतरी लेखी दिल्यावर माणूस जसा दिसेल, तशी ती दिसत होती. मला तिचा हेवा वाटला. पुण्याचा नव्हे, त्या चेहऱ्याचा.

मे महिन्यात ती पुण्याला गेली. तिथं प्रत्येक लेनला तीन-तीन वेळ घेणारे होते. तिची वेळ आली बत्तीस पॉइंट सात. नंबर सहावा.

परत आल्यावर घाटाच्या पायरीवर बसून ती रडली. मी शेजारी होते.

"माझं काय चुकलं गं?" ती म्हणत होती. "घरच्या टँकमधी एकतीस पॉइंट आठ आणि तिथं बत्तीस पॉइंट सात. नऊ दशांश कुठं गेले माझे? मी घाबरले असणार. मला कळलं बी न्हाई आनि मी घाबरले."

मला माहीत होतं की ती घाबरली नव्हती. बत्तीस पॉइंट सात ही तिच्या आयुष्यातली तोवरची सगळ्यात चांगली वेळ होती. ज्या दिवशी तिनं पेढे वाटायला हवे होते, त्या दिवशी ती ढसाढसा रडत होती. आणि हे सबंध महाराष्ट्रात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. पहिल्या खेपेला मी सरांसाठी गप्प बसले असं म्हणता येईल. दुसऱ्या खेपेला मी स्वतःसाठी गप्प बसले. एवढ्या उशिरा सांगायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

जून लागला. अप्पांनी शब्द पाळला आणि मी बारावीच्या अभ्यासाला बसले. मंदा मात्र त्या एकतीस पॉइंट आठच्या मागं लागली. गेलेली वस्तू शोधावी तशी ती सकाळ-संध्याकाळ तलावात उतरायची. "माझ्यात हाय ते. एकदा आलंय, म्हंजे हाय," असं मला सांगायची. सर तिला रबरी पट्ट्यांनी हात ओढायला लावत. तिनं उडी बदलली, श्वास कमी केले. शेवटी शेवटी ती सगळे पन्नास मीटर एका श्वासात जायची. दीड वर्षानं नागपूरला ती एकतीस पॉइंट पाच पोहली. तीन घड्याळं, तिन्हींवर तेच. मग राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, ब्राँझ आलं, मग रेल्वेची नोकरी आली, आणि मग पुढची नऊ वर्षं रेल्वेकडून पन्नास मीटरला कोळी हे नाव ठरलेलं असायचं. तीस सेकंदांच्या आत ती एकदाच आली, कलकत्त्याला. मला तार पाठवली होती. तारेत फक्त आकडा होता.

मी गणिताची शिक्षिका झाले. दशांश चिन्ह चुकलं की पोरांवर मी जरा जास्तच चिडते, असं ती म्हणतात.

पुष्कळ वर्षं मला एक विचार छळत होता, आणि तो पुण्याचा नव्हता. साहेबांची गाडी अर्धा तास आधी आली असती, तर शिट्टी माझ्या वेळी त्यांच्या हस्ते झाली असती. मग तो फुकटचा सेकंद मला मिळाला असता. मला घड्याळानं सांगितलं असतं की तू एकतीस पॉइंट चार आहेस, आणि मीही ते खरं मानलं असतं आणि खरं करायला निघाले असते. मंदाला एक खोटा आकडा मिळाला आणि त्याच्या मागून ती कुठल्या कुठं गेली. मला खरा मिळाला होता. मी बत्तीस पॉइंट चार होते आणि बत्तीस पॉइंट चारच राहिले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तलावाचं नूतनीकरण झालं. आता तिथं भिंतीला हात लावला की वेळ आपोआप मोठ्या फलकावर उमटते. उद्घाटनाला मंदाला बोलावलं होतं. रेल्वेतून मुदतीआधीच निवृत्त, केस पांढरे, खांदे मात्र तसेच. तिला पुष्पगुच्छ दिला तेव्हा मी मुद्दाम बघितलं, तिनं तो लगेच मागच्याला देऊन टाकला.

पहिल्या रांगेत मी आणि साळोखे सर शेजारी शेजारी होतो. सर नव्वदीला आलेले. दोन्ही कानांत यंत्रं, तरी जुन्या सवयीनं डोळे समोरच्याच्या ओठांवर. मंदा माइकवर बोलत होती. भाषा आता पुस्तकी झाली होती, पण सूर नदीकाठचाच.

"लोक मला कलकत्त्याचं विचारतात," ती म्हणत होती. "पण माझा दिवस तो नव्हे. माझा दिवस इथला. याच तलावात मी एकतीस पॉइंट आठ पोहले. त्या दिवशी मला कळलं की मी कोण आहे. ते पुन्हा करून दाखवायला मला दीड वर्ष लागलं."

टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. सरांनी नाही वाजवल्या. ते माझ्याकडं वाकले, अगदी त्या दिवशीसारखे.

"झेंडा पडला नव्हता त्या दिवशी," ते म्हणाले.



"तुम्हाला माहीत होतं?"

"मग? तीस वर्षं तोफेच्या आणि घड्याळाच्या मागं उभा राहिलेला माणूस मी. माझा अंगठा उशिरा पडला ते मला कळणार न्हाई होय? पोरगी पाण्यात, आणि मी दाबतोय."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तू बघितलंस का न्हाई, ते बघायला. तू न्हाई म्हणाली असतीस, तर दोघींना परत पोहायला लावणार होतो. शहापुऱ्यांना बाजूला बसवून."

 मी ओठ नीट हलवत, हळू म्हणाले, "सर, मी तुमच्यासाठी बोलले नाही. तुमचा कान. अप्पांनी सांगितलं होतं मला. लोकांना कळलं तर तुमची नेमणूक जाईल म्हणून."

 सरांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"अगं पोरी, माझ्या कानाचं सगळ्या गावाला म्हाईत होतं. गणूला म्हाईत होतं. तुझ्या अप्पांनी निम्म्या पेठेला शपथा घालून सांगितलं होतं. नगराध्यक्षच म्हणायचे, मास्तर, तुम्हाला ऐकू येत न्हाई ते बरंय, आमच्या सभेला तुम्हीच बसत चला."

मला हसू यायला हवं होतं. अप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, प्रत्येकाला वेगळं घेऊन हळू आवाजात सांगणारा. पण हसू येईना. एवढी वर्षं मी जे जपलं होतं, ते गावभर उघड्यावर पडलेलं होतं.

"मग परत पोहायला का नाही लावलंत?" मी विचारलं. "तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्हीच म्हणायचं होतं."

"म्हणणार होतो." त्यांचं हसणं थांबलं. "चूक माझी होती, मी म्हणायलाच पाहिजे होतं. पण मी दोनदा विचारलं तुला. दोनदा तू बरोबर म्हणालीस. डोळ्यानं बघून. मला वाटलं, हिला जायचंच न्हाई. बापाच्या धाकानं असंल, न्हाईतर अभ्यासापायी असंल, पण हिच्या मनात न्हाई. ज्याच्या मनात न्हाई, त्याला पुण्याला नेऊन काय करायचं? आणि त्या कोळ्याच्या पोरीला तर गरज होती. म्हणून घड्याळ शून्यावर नेलं."

मंचावर मंदा गणूमामांची आठवण सांगत होती. लोक हसत होते. मी त्या हसण्यात बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की या माणसानं एकतीस वर्षं मला पन्नास मीटरची पोरगी मानलंच नव्हतं. चांगली मुलगी, हुशार मुलगी, मनात नसलेली मुलगी. ओठ वाचणाऱ्या माणसानं माझं सगळं वाचलं होतं आणि नेमकं तेवढंच त्याच्याकडून राहून गेलं होतं. का राहणार नाही? मी ते कधी ओठांवर आणलंच नव्हतं.

"मला जायचं होतं, सर," मी म्हणाले.

परत टाळ्या चालू झाल्या होत्या. सरांनी कानामागं हात धरला. "काय?"

"जायचं होतं मला."

त्यांनी एका कानातलं यंत्र चाचपलं, मान हलवली. ओठांकडं बघायला ते पुढं झुकले, पण माझे ओठ थरथरत होते, त्यांना काही लागेना. "मोठ्यानं बोल की जरा."

मी उभी राहिले. अठ्ठेचाळीस वर्षांची, शाळेत पोरं जिला घाबरतात ती मगदूम बाई, पहिल्या रांगेत उभी राहिले आणि छातीत होता तेवढा श्वास घेऊन ओरडले, "मला जायचं होतं, सर. मला पुण्याला जायचं होतं."

टाळ्या थांबल्या. खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेतलं एक लहान मूल तेवढं बोलत राहिलं, मग तेही थांबलं.

सरांनी कानामागचा हात खाली घेतला.

"एवढ्या मोठ्यानं तेव्हा बोलायचं होतंस, पोरी," ते म्हणाले.

मी खाली बसले नाही. मंचावर मंदा माइक हातात धरून माझ्याकडं बघत होती. मग तिनं सरांकडं बघितलं, मग भिंतीवरच्या नव्या फलकाकडं, जिथं अजून कुणाचीच वेळ उमटलेली नव्हती, आणि परत माझ्याकडं.